गट ऑफिसातील बिनतारी जोडणी : ॲक्सेस पॉइंट कसा बसवावा

सभासद बंधू-भगिनींनो,



या सदरात आपण आजवर बेणे प्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्यातील पाचट असे विषय घेतले. आजचा विषय जरा वेगळा आहे. उसाच्या माणसाने तारांच्या आणि बिनतारी यंत्रांच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्याच एका चुकीत आहे, म्हणून ती आधी सांगतो.

आमच्या एका गटातील वयोवृद्ध सभासदाने जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आडसाली लागण केली. चिटबॉयने बांधावर जाऊन मोबाईलमध्ये नोंद घेतली. शिवारात रेंज नव्हती, म्हणून गट ऑफिसात आल्यावर नोंद वर चढवायची असे ठरले. परंतु ज्या खोलीत तो बसतो तिथे इंटरनेट पोचत नव्हते. नोंद मोबाईलमध्येच अडकून राहिली आणि अकरा दिवसांनी वर गेली. संगणकाने लागणीची तारीख न धरता नोंद चढल्याची तारीख धरली. लागणीच्या घाईत अकरा दिवसांत नोंदींची केवढी रांग पुढे सरकते, हे आपणांस सांगायला नको. पुढच्या हंगामात त्यांची तोड मागे पडली, उसाला तुरा आला, वजन घटले.

ते खिशातली डायरी घेऊन आमच्याकडे आले. डायरीत लागणीची तारीख स्वच्छ लिहिलेली होती. म्हणाले, "साहेब, ऊस माझा शेतात वाळतोय आणि तुमचा आकडा कुठं अडकलाय ते तेवढं सांगा." आमच्याकडे उत्तर नव्हते. नोंद दुरुस्त केली, तोड लगेच दिली, परंतु गेलेले वजन काही परत देता आले नाही. दोष शेती खात्याचा होता, तो आम्ही मान्य करतो.

यानंतर दोन कामे केली. नोंदीत लागणीचीच तारीख धरली जाईल अशी दुरुस्ती संगणक विभागाकडून करून घेतली. आणि गट ऑफिसात ॲक्सेस पॉइंट बसवला. हे दुसरे काम कसे केले तो आजचा पाठ. घरी फायबरची जोडणी असूनही माजघरात नेट येत नाही अशी ज्यांची तक्रार आहे, त्या सभासदांनाही हा पाठ जसाच्या तसा उपयोगी पडेल.

साखर कारखानदारीला हा विषय नवा नाही हेही लक्षात घ्यावे. १९९८ साली वारणानगर परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. सभासदाला उसाची व बिलाची माहिती गावातल्या संगणकावर मिळावी हा त्यामागचा एक हेतू होता. पुढे तेथेच काही गावांत ती माहिती मोबाईलच्या लघुसंदेशाने देण्याचा प्रयोगही झाला. सांगायचे कारण एवढेच की माहिती शेवटच्या माणसापर्यंत पोचली नाही तर यंत्र कितीही चांगले असो, ते वाया जाते.

ॲक्सेस पॉइंट म्हणजे काय?

आपल्या भाषेत सांगायचे तर इंटरनेट ही विहीर. राऊटर म्हणजे विहिरीवरची मोटार आणि वाटपाची चावी. कोणत्या सरीला पाणी सोडायचे हे तो ठरवतो. केबल म्हणजे पाइपलाइन. आणि ॲक्सेस पॉइंट म्हणजे पाइपाच्या टोकाचा तुषार सिंचनाचा नोझल. तारेतून आलेले तो चारी बाजूंनी हवेत सोडतो. घरातल्या राऊटरच्या डब्यात ही दोन्ही कामे एकत्र असतात, म्हणून लोकांना ते एकच वाटते. परंतु इमारत मोठी किंवा भिंती जाड असल्या की नोझल वेगळा काढून योग्य जागी न्यावा लागतो.

नोझल वावराच्या कोपऱ्यात लावला तर काय होईल? निम्मे पाणी शेजाऱ्याच्या वावरात. आमच्याकडे नेमके तेच झाले होते. जोडणी देणाऱ्या माणसाने डबा दारालगतच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या मागे बसवला होता. रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर उत्तम रेंज आणि आत चिटबॉयच्या खोलीत शून्य!

पायरी पहिली : पाहणी

भोके पाडण्याआधी पाहणी करावी. ही पायरी कोणी करत नाही आणि पुढे सगळे तिथेच फसते. एक लांब केबल घेऊन ॲक्सेस पॉइंट तात्पुरता शिडीवर ठेवावा आणि मोबाईल घेऊन खोल्याखोल्यांतून फिरावे. सिग्नल मोजणारी फुकट ॲप मिळतात. त्यात डेसिबल मिलिवॅट या मापात उणे आकडा दिसतो.

हा आकडा विहिरीच्या पाण्याच्या पातळीसारखा वाचावा. पाणी ५० फुटांवर असले तर चांगले, ७० वर गेले तर ओढाताण, ८० वर गेले तर मोटार नुसती हवा ओढते. तसेच उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत बोलणे-चालणे नीट होते, उणे ७० च्या पुढे भरवसा नाही आणि उणे ८० म्हणजे जोडणी असून नसल्यासारखी. आमच्या चिटबॉयच्या खोलीत हा आकडा उणे ८४ निघाला. मग नोंद चढणार कशी?

पायरी दुसरी : जागा

लाटांना सर्वांत जास्त अडवतो तो धातू. लोखंडी कपाट, पत्र्याची भिंत, स्लॅबमधील सळई हे सगळे त्यात आले. त्यानंतर जाड दगडी भिंत. पाणीही लाटा शोषून घेते, म्हणून टाकीच्या आड यंत्र ठेवू नये. माणसाच्या अंगातही पाणीच असते. त्यामुळे रिकाम्या खोलीतली रेंज आणि बिलाच्या दिवशी गच्च भरलेल्या खोलीतली रेंज यांत फरक पडतो. म्हणून यंत्र माणसांच्या डोक्यांच्या वर, शक्यतो छताला आणि जिथे वापर जास्त तिथे मध्यावर असावे. छताला लावायचे गोल यंत्र मुख्यतः खाली व आजूबाजूला लाटा सोडते. ते भिंतीवर उभे ठोकू नये.

आम्ही पुढच्या सोप्यात आणि चिटबॉयच्या खोलीत जाणाऱ्या दाराच्या वर, छताला जागा धरली. तिथून दार उघडेच लागते, भिंत मध्ये येत नाही. चिटबॉयच्या खोलीत आता उणे ५८ आहे.

पायरी तिसरी : केबल

तांब्याची केबल एका सलग पल्ल्यात १०० मीटरपर्यंतच चालते. कॅट सहा प्रतीची, शुद्ध तांब्याची घ्यावी. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी स्वस्त केबल मिळते, ती घेऊ नये. या केबलमधून पुढे वीजही न्यायची असते आणि अशी केबल तापते. बेणे स्वस्त बघून घेतले की काय होते, ते आपण जाणताच.

टोकाला प्लग बसवताना आठ तारांचा क्रम दोन्हीकडे सारखा हवा. रूढ क्रम असा : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. प्लगची खिट्टी खाली आणि तोंड आपल्यापासून पलीकडे धरले की ही मोजणी डावीकडून होते. टेस्टर लावून आठही दिवे लागले की मगच पुढे जावे.

केबल विजेच्या वायरला चिकटून नेऊ नये, अंतर ठेवून वेगळ्या नळीतून न्यावी. टोकाला एक वेटोळे जादा ठेवावे, पुढे प्लग खराब झाला तर उपयोगी पडते. ऑफिसातून अंगण ओलांडून खत गोदामाकडे जोडणी न्यायची असेल तर तांब्याची तार नेऊ नये. वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोन्हीकडची यंत्रे जळू शकतात. तिथे फायबर टाकावी, तिच्यातून वीज वाहत नाही.

पायरी चौथी : वीजपुरवठा

बहुतेक ॲक्सेस पॉइंटला छताजवळ वेगळा प्लग लागत नाही, त्याच केबलमधून वीज देता येते. यासाठी इंजेक्टर नावाचा छोटा डबा राऊटरजवळ लावतात. नेहमीच्या मानकात तो १५.४ वॅट सोडतो, यंत्राच्या टोकाला १३ च्या आत पोचतात. जास्त वीज खाणाऱ्या यंत्रासाठी ३० वॅटचे मानक आहे. मात्र सगळे इंजेक्टर एका जातीचे नसतात. काही २४ व्होल्ट सरळ सोडून देतात. यंत्राच्या पाठीवर काय लिहिले आहे ते वाचूनच जोडावा.

यातला मोठा फायदा असा की राऊटर आणि इंजेक्टर दोन्ही एकाच लहान इन्व्हर्टरवर ठेवले की लाईट गेली तरी नोंदी थांबत नाहीत.

पायरी पाचवी : मांडणी

यंत्र जोडल्यावर मोबाईलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरून पुढील गोष्टी कराव्यात.

१. कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदलावा. तो सगळ्या जगाला माहीत असतो.

२. यंत्राचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्यावे.

३. यंत्र ॲक्सेस पॉइंट म्हणूनच चालवावे. जुनाच राऊटर या कामाला लावला असेल तर त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद करावे. एका पाटावर दोन पाटकरी असले की भांडण ठरलेले. पत्ते वाटणारा एकच असावा.

४. सुरक्षा डब्ल्यूपीए-दोन किंवा तीन ठेवावी. त्याआधीचा डब्ल्यूईपी प्रकार वापरू नये, तो सहज फुटतो. बटण दाबून जोडण्याची सोयही बंद ठेवावी.

५. लाटांचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंत बऱ्यापैकी पार करतो, पण गर्दीचा. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतो. दोन्ही चालू ठेवावेत. यातल्या पहिल्या पट्ट्याला आपल्या देशात २००५ सालापासून परवाना लागत नाही.

६. पहिल्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हीच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. शेजारची पतसंस्था ६ वर असेल तर आपण १ किंवा ११ घ्यावे. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी.

७. ताकद पूर्ण वाढवू नये. आपण कर्ण्यावरून हाळी दिली तर ती शिवारभर जाते, पण पलीकडच्या माणसाजवळ कर्णा नसेल तर त्याचे उत्तर आपल्याला ऐकू येत नाही. मोबाईलची ताकद कमीच असते. म्हणून मध्यम ताकद बरी. जागा पुरत नसेल तर दुसरे यंत्र लावावे. त्याला नाव व पासवर्ड तोच द्यावा, चॅनेल मात्र वेगळे ठेवावे.

पायरी सहावी : ऑफिसचे वेगळे, पाहुण्यांचे वेगळे

सभासद ऑफिसात येतात, सातबारा काढतात, बँकेचा संदेश पाहतात. त्यांना नेट मिळायलाच हवे, ऑफिस सभासदांचेच आहे. परंतु वजनाच्या व बिलाच्या नोंदी ज्या जाळ्यातून जातात त्यावर बाहेरचा मोबाईल नको. म्हणून त्याच यंत्रावर पाहुण्यांसाठी दुसरे नाव तयार करावे आणि त्याला आतले संगणक दिसणार नाहीत असे बंधन घालावे. पाहुण्यांचा पासवर्ड फळ्यावर लिहायला हरकत नाही. ऑफिसचा पासवर्ड व यंत्राचा पत्ता बंद पाकिटात, गटप्रमुखांच्या कुलपात असावा. बसवणारा माणूस उद्या दुसरीकडे गेला तर आपले यंत्र आपल्यालाच परके होऊ नये.

शेवटची पायरी : पडताळणी

ज्या दिवशी गर्दी असते त्या दिवशी पुन्हा आकडे मोजावेत आणि भिंतीवरच्या नकाशात लिहून ठेवावेत. आम्ही आता रोज संध्याकाळी एक गोष्ट पाहतो : चिटबॉयच्या मोबाईलमध्ये न चढलेल्या नोंदी किती राहिल्या? तो आकडा शून्य झाल्याशिवाय ऑफिसला कुलूप लागत नाही. यंत्र बसवून काम संपत नाही, ही शेवटची नजर माणसालाच ठेवावी लागते.

सभासदांनीही आपल्याकडून दोन गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे. लागणीची तारीख आपल्या डायरीत लिहावी आणि नोंद झाल्याचा संदेश मोबाईलवर आला की ती ताडून पाहावी. आठ दिवसांत संदेश आला नाही तर गट ऑफिसात येऊन विचारावे. संकोच करू नये. त्या वयोवृद्ध सभासदाची डायरी नसती तर आमची चूक आम्हालाही कधी कळली नसती.

यंदाच्या लागणीची पहिली नोंद त्यांचीच होती. ते ऑफिसात बाकावर बसून होते. चिटबॉयने नोंद चढवली, त्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. त्यांनी चष्मा लावून तारीख वाचली, डायरी काढून ताडून पाहिली आणि म्हणाले, "जुळलं." आम्हाला तेवढे पुरे आहे.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी