घरचे मैदान

मुलांनो, घरच्या मैदानावर संघ जास्त का जिंकतो? हवेमुळे, की आपल्या माणसांच्या आरडाओरड्यामुळे?

कार्डिफच्या प्रिन्सिपॅलिटी स्टेडियमला सरकते छत आहे. ते बंद केले की पाऊस-वारा बाहेर राहतो, पण ७०,००० हून अधिक प्रेक्षकांचा आवाज आतच घुमतो. २०१७ साली तेथे वेल्स विरुद्ध इंग्लंड असा रग्बीचा सामना होता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे छत बंद करायला दोन्ही संघांची संमती लागे. इंग्लंडचे प्रशिक्षक एडी जोन्स यांनी ते उघडेच ठेवायला लावले आणि इंग्लंडने २१-१६ असा सामना जिंकला. म्हणजे उघड्या छताने जिंकवले? एका सामन्यावरून असे म्हणणे आम्हा इंजिनिअर मंडळींना काही पटत नाही!

मोठा प्रयोग कोविडने केला. २०२०-२१ च्या प्रीमियर लीगमधले बहुतेक सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. गवत तेच, पाऊस तोच, प्रवासही तेवढाच. फक्त प्रेक्षक नव्हते. ३८० सामन्यांत यजमान १४४ वेळा जिंकले, पाहुणे १५३ वेळा. इंग्लंडच्या अव्वल साखळीत पाहुणे वरचढ ठरण्याची ती पहिलीच वेळ. ओरडायला कोणी नसल्याने पंचांवरचे दडपणही कमी झाले असावे.

गृहपाठ: बरोबरीत किती सामने सुटले? उत्तर अक्षरी लिहा, मराठीत. (आई-बाबांनी सांगायचे नाही.)