पावसाळ्यात ब्रेक एकदम पकडतो तेव्हा

पावसाळा लागला की माल वाहणाऱ्या लहान गाड्यांच्या ड्रायव्हरकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "शेठ, सकाळी ब्रेकवर नुसता पाय ठेवला तरी गाडी झटका खाऊन उभी राहते." यावर बहुतेक मालक दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर "ब्रेक चांगला लागतो, मग तक्रार कसली?" म्हणून ड्रायव्हरला गप्प बसवतात, नाहीतर गॅरेजमध्ये पाठवून ब्रेक थोडा ढिला करून घेतात. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त घातक आहे. तेव्हा हा ब्रेक असा का वागतो, हे व्यापारी बांधवांनी एकदा नीट समजून घ्यावे. गाडी आपली, त्यातला माल आपला आणि ड्रायव्हरचा जीवही आपल्याच जबाबदारीवर असतो.

व्हॅन, पिकअप, टेम्पो अशा बहुतेक गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. डिस्क उघडी असते. तिच्यावर पाणी पडले तरी चाक फिरताच उडून जाते आणि रात्रीतून चढलेला गंजही दोन-चार ब्रेकांत घासला जातो. ड्रमचे तसे नाही. तो डब्यासारखा बंद असतो. आत शिरलेले पाणी आणि दमटपणा लवकर बाहेर पडत नाही. दमट हवा काय करते हे कापडवाल्याला सांगायला नको. खळ दिलेल्या कोऱ्या कापडाचे गठ्ठे पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवले तर भुरी धरतेच. ड्रम तर बिडाचा. एका रात्रीत त्याच्या आतल्या अंगावर गंजाचा पातळ थर येतो आणि शूच्या लायनरमध्येही ओल मुरते.

आता हा थर जरासा असूनही झटका एवढा मोठा का, हा खरा प्रश्न आहे. दाराखाली लाकडी पाचर सरकवून पाहा. दार जितके ढकलावे तितकी पाचर जास्त घट्ट बसते. ड्रममधल्या दोन शूपैकी पुढचा शू असाच काम करतो. फिरणारा ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढून स्वतःवरच दाबून घेतो. म्हणूनच ड्रम ब्रेकला पायाचा जोर कमी लागतो. पण पकड थोडी वाढली की ही ओढही वाढते, ओढ वाढली की पकड आणखी वाढते. त्यामुळे गंज आणि ओल यांनी केलेला लहानसा फरक चाकावर मोठा होऊन येतो. त्यात गाडी रिकामी असेल तर मागच्या चाकांवर वजन नाही, रस्ता ओला, टायर घासलेले. मग चाक जाम होऊन घसरत जाते आणि गाडीची मागची बाजू एका अंगाला फेकली जाते.

गाडी पाण्यातून काढल्यावर मात्र उलटे होते. लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये पाणी असते तोवर ब्रेक जवळजवळ लागतच नाही. ड्रायव्हर जोर वाढवतो, पाणी निघून जाते आणि मग ब्रेक अचानक पकडतो.

यासाठी कसोटी सोपी आहे. रस्ता मोकळा पाहावा, मागे कोणी नाही याची खात्री करावी. गाडी तीसच्या आत ठेवून आठ-दहा वेळा हलका ब्रेक द्यावा आणि दर खेपेला मध्ये थोडे अंतर सोडावे. पाय दाबून धरू नये. एवढ्याने झटका गेला तर दोष गंजाचा आणि ओलीचा. त्यासाठी एक पैसाही खर्च करायची गरज नाही. रोज गोदामातून निघाल्यावर पहिल्या फर्लांगात एवढे करण्याची सवय ड्रायव्हरला लावावी. मालेगावकडून माल भरून कसारा घाट उतरणाऱ्या गाडीने तर इगतपुरीच्या पावसातून आल्यावर उतार लागण्याआधीच ब्रेक असा तपासून घ्यावा.

झटका गेला नाही, किंवा गाडी दर वेळी एकाच बाजूला ओढते, तर मात्र पावसाला दोष देऊ नये. चाकाच्या आतल्या बाजूला हात लावून पाहावा. तेथे ओलसर, तेलकट डाग असेल तर व्हील सिलिंडर गळतो आहे किंवा अ‍ॅक्सलचे ऑइल सील गेले आहे. लायनरला थोडे तेल लागले तर तो घसरण्याऐवजी पकडतोही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ड्रम खोलल्यावर सिलिंडरचे रबरी टोपण मागे सारून पाहावे. आतून ब्रेक ऑइल निघाले तर सिलिंडर दुरुस्त करणे किंवा बदलणे भागच आहे. तेल मुरलेला शू पॉलिश पेपरने घासून किंवा रॉकेलने धुऊन परत बसवणारे मिस्त्री आहेत. तो कारभार चालू देऊ नये. रॉकेल स्वतःच तेलकट असते आणि ब्रेकचे रबरही बिघडवते. शू बदलावेत, आणि दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. एकच बदलला तर एका बाजूला नवे लायनर, दुसऱ्या बाजूला जुने, म्हणजे गाडी पुन्हा ओढणार. ड्रममधला भुकटा तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावा. तो फुप्फुसांना वाईट असतो.

तेल नसेल तर शूची स्प्रिंग ढिली पडली आहे का, मागची प्लेट नटांत हलते का, ड्रम वेडावाकडा झिजला आहे का, हे पाहावे. काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. भार कमी असला की तो मागच्या ब्रेकचा जोर कमी करतो. हा गंजून अडकला तर रिकाम्या गाडीची मागची चाके लवकर जाम होतात. येथे आपल्याच लोकांची एक खोड सांगितली पाहिजे. जास्त माल बसावा म्हणून कमानीत जादा पाटा टाकतात. त्याने गाडीची मागची बाजू उचललेली राहते, व्हॉल्व्हला भरलेली गाडीही रिकामी वाटते आणि पुऱ्या भारावर मागचा ब्रेक हवा तितका मिळत नाही.

आता ढिला करण्याबद्दल. शू आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढवले की पेडल जास्त खाली जाते, एवढाच फरक पडतो. शू टेकला की तो पूर्वीसारखाच पकडणार. घाटात भरलेली गाडी उतरताना ड्रम तापून फुगतो आणि शूपासून आणखी दूर जातो. आधीच ढिला केलेला ब्रेक अशा वेळी पेडल तळाला टेकवतो. आमच्या गाडीलाही एका गॅरेजवाल्याने न विचारता हाच इलाज केला होता. घाटाआधीच ड्रायव्हरच्या लक्षात आले, नाहीतर माल आणि माणूस दोन्ही गेले असते.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. ते पकडण्याचे थेट कारण नाही, पण त्या पाण्याने सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकतो. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही हद्द १४० च्या आसपास येऊ शकते. म्हणून दोन वर्षांनी, तेही पावसाळ्याच्या तोंडावर, ते बदलून घ्यावे.

एप्रिल २०१९ पासून नव्या कारगाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. अशा गाडीत जोराचा ब्रेक देताना पेडल पायाखाली थरथरते, तो बिघाड नव्हे. ड्रायव्हरने घाबरून पाय उचलू नये.

रात्री ओल्या ब्रेकवर हॅण्डब्रेक ओढून गाडी ठेवू नये, सकाळी शू ड्रमला चिकटलेले सापडतात. जागा सपाट असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला लाकडी गुटका लावावा. गॅरेजमध्ये शू बदलल्यास जुने शू परत मागून घ्यावेत. त्यावरचा तेलाचा डाग पाहिला की गळती खरेच दुरुस्त करायची होती की नाही हे कळते.