तळाच्या ओळीतलं नाव : मेरी कॅथरिन गॉडर्ड

आज घरी आलेला पेपर उलटा करा आणि शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी बघा. बारीक अक्षरांत एक मजकूर दिसेल : मुद्रक, प्रकाशक, संपादक अमुक, छापलं कुठे ते तमुक. हा मजकूर कायद्यानेच द्यावा लागतो. आपण तो कधी वाचत नाही. पण छापलेल्या शब्दाला जबाबदार कोण, हे तिथेच कळतं. वर्गात वृत्तपत्राची ओळख करून देताना मी हल्ली याच ओळीपासून सुरुवात करते आणि मग मुलांना अमेरिकेतल्या बाल्टिमोर गावच्या एका छापखानेवालीची गोष्ट सांगते.

मेरी कॅथरिन गॉडर्डचा जन्म १७३८ चा, कनेक्टिकटमधला. वडील डॉक्टर, आणि गावचं टपालही तेच बघायचे. आई सारा चांगली शिकलेली. मुलांचा अभ्यास तिनेच घेतला. वडील गेल्यावर आईने पैसे घातले आणि १७६२ मध्ये धाकटा भाऊ विल्यम याने प्रॉव्हिडन्सला छापखाना काढला. विल्यम हुशार, पण एका जागी टिकणारा नव्हे. तो नवं काही सुरू करायचा, भांडायचा, पुढच्या गावाला जायचा आणि मागचा व्याप आई आणि बहीण सांभाळायच्या. प्रॉव्हिडन्सला हेच, फिलाडेल्फियाला हेच. आपल्याकडेही अशी घरं असतात, नाही का? पाटीवर नाव एकाचं, गल्ल्यावर बसणारं माणूस दुसरंच.

१७७३ मध्ये विल्यमने बाल्टिमोरला 'मेरीलँड जर्नल' सुरू केलं. त्या गावातलं हे पहिलं वृत्तपत्र. बाल्टिमोर तेव्हा जेमतेम सहा-सात हजार वस्तीचं बंदर होतं, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढं. पुढच्याच वर्षी विल्यम नवी टपालव्यवस्था उभारायला निघून गेला आणि पेपर मेरीच्या हाती आला. मे १७७५ पासून अंकावर प्रकाशक म्हणून 'एम. के. गॉडर्ड' असं येऊ लागलं. नुसती आद्याक्षरं. वाचणाऱ्याला बाई की बाप्या ते कळू नये अशी. हे तिने मुद्दाम केलं असेल की तशी रीतच होती म्हणून, ते मुलांनाच विचारा. चांगली चर्चा होते.

इथे थोडं थांबून छापखान्याचं काम समजावून सांगावं, कारण मुलांना छपाई म्हणजे बटण दाबणं वाटतं. तेव्हा प्रत्येक अक्षराचा शिशाचा वेगळा खिळा असे. खण पाडलेल्या लाकडी खोक्यातून एकेक खिळा उचलायचा, ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, ते चौकटीत घट्ट आवळायचं. त्याला शाई लावायची, ओलसर कागद ठेवायचा आणि दांडा ओढून दाब द्यायचा. एका दाबाला कागदाची एकच बाजू. आणि खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं! हे नुसतं सांगून पटत नाही. ठसेकामाच्या तासाला अर्धा बटाटा द्या आणि त्यावर 'क' कोरायला सांगा. बहुतेक मुलं सरळ कोरतात आणि कागदावर उलटा उमटला की खो खो हसतात. मग सांगा, ही बाई अशी उलटी अक्षरं सरसर वाचत पानंच्या पानं जुळवायची. मेरी या कामात तरबेज होती.

१७७५ पासून ती बाल्टिमोरच्या टपाल कचेरीची प्रमुखही झाली. पेपर आणि टपाल एका हातात असणं तेव्हा सोयीचं होतं, कारण बातमी टपालानेच यायची. युद्ध सुरू होतं, कागद मिळत नव्हता, कागदी पैशाची किंमत रोज घसरत होती. मेरीने वर्गणीपोटी धान्य, पीठ, लोणीसुद्धा घ्यायची तयारी दाखवली आणि पेपर चालू ठेवला. टपाल नेणाऱ्या घोडेस्वारांचे पैसे वेळप्रसंगी तिने स्वतःच्या पदरचे दिले.

आता मुख्य प्रसंग. स्वातंत्र्याचा जाहीरनामा जुलै १७७६ मध्ये फिलाडेल्फियात छापला गेला, तेव्हा त्यावर फक्त अध्यक्ष आणि सचिव यांची नावं होती. बाकीच्यांनी नंतर सह्या केल्या, पण ती नावं छापून जाहीर झाली नव्हती. ब्रिटिश राजाच्या दृष्टीने हा राजद्रोह होता आणि त्याची शिक्षा फाशी. डिसेंबरात ब्रिटिश फौज जवळ आली म्हणून काँग्रेस फिलाडेल्फिया सोडून बाल्टिमोरला आली. ट्रेंटन आणि प्रिन्स्टनच्या विजयांनी धीर आला आणि १८ जानेवारी १७७७ रोजी ठराव झाला, की जाहीरनामा सह्या करणाऱ्यांच्या नावांसकट छापून प्रत्येक राज्याला पाठवावा. काम मेरीकडे आलं. सही करणाऱ्यांची जवळजवळ सगळी नावं असलेली ही पहिली छापील प्रत. तिच्या तळाशी मेरीने नेहमीचं 'एम. के.' लिहिलं नाही. 'मेरी कॅथरिन गॉडर्ड' असं पूर्ण नाव घातलं. युद्धाचा निकाल लागायला अजून कित्येक वर्षं होती. हरले असते, तर वरच्या नावांबरोबर तळाचं नावही शत्रूच्या हाती आयतं सापडलं असतं.

पुढची हकीकत फारशी सुखाची नाही. १७८४ मध्ये भावाने पेपर परत आपल्याकडे घेतला आणि अंकावरून तिचं नाव गेलं. दोघांनी पुढच्या वर्षाची दोन वेगवेगळी वार्षिकं काढली, आणि विल्यमने आपल्या वार्षिकात सख्ख्या बहिणीबद्दल वाईटसाईट छापलं. १७८९ मध्ये टपालाची नोकरीही गेली. कारण दिलं, की या पदावरच्या माणसाला घोड्यावरून बराच प्रवास करावा लागेल, तो बाईमाणसाला झेपणार नाही. चौदा वर्षं काम केल्यावर! बाल्टिमोरच्या दोनशेहून जास्त नागरिकांनी तिच्या बाजूने अर्जावर सह्या केल्या. तिने खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनना लिहिलं. त्यांनी मध्ये पडायला नकार दिला. मग तिने बरीच वर्षं पुस्तकांचं दुकान चालवलं.

एक गोष्ट झाकून ठेवू नये असं मला वाटतं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा छापणाऱ्या याच बाईच्या घरी बेलिंडा स्टार्लिंग नावाची गुलाम स्त्री होती, आणि 'मेरीलँड जर्नल'मध्ये पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती पैसे घेऊन छापल्या जात. काही पालक म्हणतात, एवढ्या लहान वयात हे कशाला? मी चौथीलाही सांगते. सांगितल्यावर वर्ग थोडा वेळ गप्प होतो आणि मग प्रश्न येतात. "मग ती चांगली होती की वाईट?" हा पहिला. त्याचं उत्तर मी घाईने देत नाही. पुढचं सांगते, की १८१६ मध्ये मेरी वारली तेव्हा मृत्युपत्रात तिने बेलिंडाला मुक्त केलं आणि आपली मालमत्ता तिच्या नावे ठेवली. यावर एखादं मूल विचारतंच, "मग आधीच का नाही सोडलं?"