जाहिरातीला मंजुरी : एकाची की सर्वांची?

हजारो ग्राहकांना संदेश गेल्यावर भाव चुकल्याचे लक्षात आले, तर ते नुकसान कोणाच्या नावावर मांडायचे? मजकूर लिहिणारा म्हणतो, 'शेठनी पाहिला होता.' शेठ म्हणतात, 'मुनीमजींनी तपासला असेल असे वाटले.' तिघांच्या हातून गेलेला कागद प्रत्यक्षात एकानेही वाचलेला नसतो. हा घोळ टाळण्यासाठी जाहिरात व विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये मंजुरीची सोय असते. ती कशी चालते, हे आपण 'सेल्सफोर्स' या सॉफ्टवेअरच्या उदाहरणाने पाहू.

नोंद मंजुरीसाठी पाठवली की तिला कुलूप लागते. पाठवणाऱ्याला मागाहून गुपचूप आकडा बदलता येत नाही. पुढे ती एकेक पायरी चढते. एका पायरीवर अनेक तपासनीस असतील, तर दोन पद्धतींपैकी एक आधीच ठरवावी लागते :

१) पहिले उत्तर : जो आधी होकार किंवा नकार देईल, त्याचाच निर्णय लागू होतो. इतरांनी पाहण्याची गरज उरत नाही.

२) सर्वसंमती : प्रत्येकाचा होकार लागतो. एकाने नकार दिला तरी मंजुरी मिळत नाही.

नकारानंतर प्रकरण तिथेच संपवायचे की एक पायरी मागे पाठवायचे, हेही ठरवता येते. कोणी, केव्हा, काय शेरा दिला याची नोंद राहते.

खरी चूक होते ती पद्धत निवडताना. दुकानात दोघे भाऊ सारखेच जाणकार असतील, तर पहिले उत्तर पुरेसे आहे. पण एक जण भाव पाहतो आणि दुसरा शिल्लक माल, तेव्हा सर्वसंमतीच हवी. नाहीतर माल संपलेला असतानाही जाहिरात निघेल. मात्र सर्वसंमतीत एक जण परगावी गेला की काम अडते. म्हणून त्याच्या जागी सही करणारा माणूस आधीच नेमावा.

ज्यांच्याकडे संगणक नाही, त्यांनी छापखान्यातून आलेल्या प्रुफावरच भाव, माल व तारीख असे तीन रकाने आखावेत. प्रत्येक रकान्यासमोर एकाच माणसाची सही घ्यावी. सहीनंतर एक अक्षर जरी बदलले, तरी सह्या नव्याने घ्याव्यात. सर्वांवर सोपवलेले काम कोणाचेच नसते, हे आपण विसरू नये.