मांडवच धावत असेल तर?

प्रश्न : रेल्वेत आपला फोन पळतो आणि टॉवर जागेवर असतो. उपग्रहाशी थेट बोलणाऱ्या फोनचं मात्र उलटं, तिथे टॉवरच पळतो. मग दोघांचा मेळ कसा बसतो?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी जमिनीवरचा टॉवर बघू. लग्नाचा मुहूर्त सव्वाबाराचा असला की गल्लीतला पाहुणा बाराला निघतो, लांबच्या गावचा पहाटेच. अक्षता टाकायला सगळे एकदमच हजर. टॉवरही प्रत्येक फोनला ‘तू इतका आधी निघ’ असं सांगत असतो, नाहीतर लांबच्याची लहर उशिरा येऊन दुसऱ्याच्या वेळेत घुसेल. जुन्या जीएसएममध्ये हा हिशेब साडेपाचशे मीटरच्या टप्प्यांनी चाले आणि टप्पे होते फक्त ६३. म्हणून सिग्नल चांगला असला तरी नेहमीच्या टॉवरची हद्द ३५ किलोमीटरला संपे.

आता मांडवच सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतोय असं समजा. ६०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह डोक्यावर असताना लहर त्याच्यापर्यंत २ मिलिसेकंदांत जाते, तो क्षितिजाकडे कलला की सहाहून जास्त लागतात. तिकडे असताना जाण्यायेण्याचा वेळ दर सेकंदाला ४० मायक्रोसेकंदांहून अधिक सरकतो. फाइव्ह-जीमध्ये चुकीला मुभा असते साधारण पावणेपाच मायक्रोसेकंदांची. म्हणजे उपग्रहाने सांगितलेली दुरुस्ती हातात पडेपर्यंत शिळी होऊ लागते.

दुसरी पंचाईत सुराची. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी लागते आणि गाडी पुढे गेली की उतरते, तो डॉपलर परिणाम इथेही आहेच. २ गिगाहर्ट्झच्या लहरीत त्याने ४८ किलोहर्ट्झपर्यंत फरक पडतो. गाण्यात एवढा बारीक फरक कुणाच्या कानाला कळणार नाही. पण फोनच्या लहरी १५-१५ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेल्या असतात, तेव्हा हा फरक म्हणजे तीन खुर्च्या सोडून भलत्याच्याच जागेवर जाऊन बसणं. गंमत अशी की उपग्रह अगदी डोक्यावर आला की फरक शून्य होतो, पण बदलतो मात्र तिथेच सगळ्यात वेगाने, सेकंदाला पाचशे हर्ट्झहून अधिक.

यावर २०२२ मध्ये पक्क्या झालेल्या फाइव्ह-जीच्या नियमांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो : हिशेब फोननेच करायचा. उपग्रह ‘मी इथे आहे, या वेगाने चाललोय’ एवढं सतत सांगत राहतो. फोनला स्वतःचं ठिकाण जीपीएसवरून कळतं. दोन्हींवरून अंतर आणि वेग काढून फोन तेवढा आधी आणि तेवढा सूर बदलूनच बोलतो. उरलीसुरली चूक उपग्रह दुरुस्त करतो. मात्र या माहितीला मुदत असते. ती टळली आणि ताजी माहिती मिळाली नाही, तर फोनने गप्प बसायचं. अंदाजपंचे बोलून इतरांचं बोलणं बिघडवायचं नाही.

सुराच्या या घसरणीचा उपयोग जुना आहे. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाला तेव्हा अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख त्याची बीप-बीप ऐकत बसले होते. ऐकणाऱ्याची जागा ठाऊक होती. नुसत्या सुराच्या चढउतारावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. मग त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी उलटा प्रश्न टाकला : कक्षा ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याची जागा काढता येईल का? त्यातून जहाजं आणि पाणबुड्यांना वाट दाखवणारी ट्रान्झिट यंत्रणा उभी राहिली. तुमच्या प्रश्नातल्या फोनला दोन्ही ठाऊक असतं, तो फक्त घसरण काढतो.