निर्बंध उठले, तरी मन का खचलेले?

प्रश्न : कोरोनाचे निर्बंध उठले, पोहरादेवीची रामनवमीची जत्रा पुन्हा भरू लागली. पण आमच्या तांड्यातले एक आजोबा तेव्हापासूनच जास्त खचले आहेत. “आता जगून काय करायचं,” म्हणतात. साथीत धीराने राहिलेला माणूस साथ सरल्यावर असा का होतो?
— एक वाचक, पोहरादेवी

उत्तर : तुमच्या हे ध्यानात आले, हेच मोलाचे. असे इतरत्रही दिसले आहे. हाँगकाँगमध्ये २००३ साली सार्सची साथ आली, तेव्हा पासष्टीपुढच्या लोकांतल्या आत्महत्यांचे प्रमाण वाढले. साथ जूनमध्येच आटोक्यात आली, तरी २००४ मध्येही ते प्रमाण २००२ इतके खाली आले नाही. जपानमध्ये कोरोनाच्या पहिल्या काही महिन्यांत एकूण आत्महत्या घटल्या आणि जुलै २०२० पासून वाढल्या. सगळ्याच देशांत असे घडले नाही. पण निर्बंधांबरोबर धोकाही संपला, असे धरून चालता येत नाही.

साथीत दुःख सर्वांचे होते. २०२० आणि २०२१ मध्ये जत्राच भरली नाही. एप्रिल २०२२ पासून राज्यातले निर्बंध उठले आणि तरणी माणसे कामाधंद्याला, ऊसतोडीला लागली. म्हाताऱ्या माणसाचे जे गेले ते मात्र परत आले नाही: चार माणसांच्या खांद्याविना गेलेला जोडीदार, पारावरचे सोबती, घरात बसून आखडलेले पाय. त्यात दुखणे, एकटेपणा, कर्ज यांची भर पडते. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते.

खचलेपण हा म्हातारपणाचा भाग नव्हे. नैराश्याचा आजार उपचारांनी बरा होतो. म्हणून आजोबांचे बोलणे कानाआड करू नका. शेजारी बसून सरळ विचारा, “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन हलके होते. ‘हो’ म्हणाले, तर त्यांना एकटे सोडू नका, फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा वेगळा क्रमांक आहे.

आणखी एक विनंती तांड्याच्या नायकांना: ऊसतोडीला निघण्याआधी, मागे राहणाऱ्या प्रत्येक वयस्कर माणसाकडे रोज कोण जाऊन बसेल, हे नावानिशी ठरवा.