रमाबाई आणि मनोरमा : आईपण व स्त्रियांचा कैवार
वाचन : १ शमुवेल, अध्याय १ व २.

हन्नेनें आपला लहानगा शमुवेल शिलोच्या मंदिरांत ठेविला, व ती प्रतिवर्षीं त्याच्यासाठीं लहानसा झगा करून नेत असे. झग्याची गोष्ट आपण घाईनें वाचतों. परंतु मुलापासून दूर राहणाऱ्या आईचें मन त्या झग्यांतच दिसतें. आज ज्यास स्त्रीवाद म्हणतात त्याच्या मागें लागलेली बाई आईपणास पारखी होते, असा आक्षेप अजून ऐकूं येतो. त्याचा विचार पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून करूं.

सन १८८२ च्या फेब्रुवारींत त्यांचे पति बिपिनबिहारी मेधावी पटकीनें वारले. कन्या मनोरमा तेव्हां वर्षाचीही नव्हती. तिला घेऊन त्या त्याच सालीं पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन मुलींसाठीं शिक्षिका व बायकांसाठीं स्त्रीडॉक्टर मागितल्या. हें सर्व तान्ह्या मुलीच्या आईनें केलें; त्या पुस्तकांत अपत्यसंगोपनाचें प्रकरणही आहे. स्त्रीडॉक्टरची मागणी तर बाळंतिणीच्या खोलींतूनच आली असें म्हणावें. आनंदीबाई जोशी यांचें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें, व वैद्यकी शिकण्याचा त्यांचा निश्चय त्या दुःखांतून झाला. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें त्यांस पदवी मिळाली, त्या समारंभासाठीं रमाबाई मनोरमेस घेऊन इंग्लंडहून गेल्या होत्या.

कठीण भाग पुढेंच आहे. बालविधवांच्या शाळेसाठीं साह्य मिळविण्यास रमाबाई अमेरिकेंत सन १८८८ पर्यंत राहिल्या, आणि पांच वर्षांची मनोरमा इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनींकडे परत पाठविली गेली. आईच्या कार्याची किंमत मुलीनेंही भरली, हें झांकूं नये. मात्र खेड्यांतला बाप मुंबईच्या गिरणींत वर्षानुवर्षें राहिला, तर तो बापपणास पारखा झाला असें कोणी म्हटलें नाहीं. शिवाय मूल दुसऱ्यांच्या हातीं दिलें म्हणून रमाबाईंनीं आईचा हक्क सोडला नाहीं. मनोरमेस धर्मशिक्षण कसें द्यावें यावरून त्यांचा व सिस्टर जेरल्डिन यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. आश्रय देणारांचे उपकार त्या मानीत. तथापि मुलीविषयींचा निर्णय आईचा, येथें त्या हटल्या नाहींत. हीं पत्रें सन १९७७ मध्यें पुस्तकरूपानें छापलीं गेलीं; माझ्या मतें त्यांच्या व्याख्यानांपेक्षां तींच अधिक शिकवितात.

त्या भगिनी नसत्या तर रमाबाईंचें कार्य झालें नसतें. आपल्या मंडळींत बाई सभेस किंवा शिकावयास येते, तेव्हां तितका वेळ तिचें मूल कोण घेतें, हें प्रत्येकानें आपल्या घरीं विचारून पाहावें. बहुधा सासू घेते, नाहीं तर थोरली मुलगी शाळा बुडवून घेते.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. तेथें परक्यांच्या लेकी रमाबाईंच्या झाल्या. मनोरमाबाई मोठेपणीं आईचा उजवा हात बनल्या. केडगांवीं त्यांनीं शाळा चालविली, आणि गुलबर्ग्यासही मुलींसाठीं काम उभें केलें. २४ जुलै १९२१ रोजीं त्या आईच्या डोळ्यांदेखत गेल्या. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही राहिल्या नाहींत. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवींच त्यांचें देहावसान झालें.